पोलिसांच्या गाडीमुळे रस्त्यावर मृत्यू झाला, तर तपास कोणाकडे असावा?

प्रश्न

सायरन वाजवत निघालेल्या पोलिसांच्या गाडीची धडक बसून पादचारी मरण पावतो, किंवा पोलिसांनी पाठलाग सुरू केल्यावर पळणारी गाडी वाटेतल्या तिसऱ्याच कुटुंबावर जाऊन आदळते, तेव्हा पुष्कळ ठिकाणी पंचनामा, साक्षीदारांचे जबाब आणि पहिला अहवाल हे सगळे ज्या दलाची ती गाडी असते त्याच दलाच्या हातात राहते. कोठडीत कोणी दगावले किंवा पोलिसांच्या गोळीने कोणाचा मृत्यू झाला, तर चौकशी बाहेरच्या यंत्रणेने करावी ही मागणी आता लोकांच्या अंगवळणी पडली आहे. रस्त्यावरच्या मृत्यूबाबत मात्र ती क्वचितच ऐकू येते. मेलेला माणूस पोलिसांच्या ताब्यात नव्हता, चालकाचा हेतू वाईट नव्हता, गाडी तर कोणाच्या तरी मदतीलाच निघाली होती, असे सांगितले जाते आणि त्यातले बरेचसे खरेही असते. तरीसुद्धा ज्यांच्या घरातले माणूस गेले त्यांना उत्तर देण्याची जबाबदारी चालकाच्याच सहकाऱ्यांवर टाकणे मला योग्य वाटत नाही.

जाणकारांना माझे विचारणे असे की, अशा मृत्यूंचा तपास स्वतंत्र संस्थेकडे देणारी व्यवस्था कोठे आहे आणि ती प्रत्यक्षात कशी चालते? तपास करणारे बदलल्याने निष्कर्षात खरोखर काही फरक पडतो का? आणि प्रत्येक अपघातानंतर चौकशी होणार हे ठाऊक असलेला चालक खऱ्या संकटाच्या वेळी कचरेल, या आक्षेपात कितपत तथ्य आहे?

प्रतिसाद १

मी वकिली करतो आणि या विषयाच्या कायद्याच्या बाजूचा काही अभ्यास केला आहे, म्हणून आपल्या पहिल्या प्रश्नापुरते लिहितो.

इंग्लंड आणि वेल्समध्ये पोलिसांशी संपर्क आल्यानंतर झालेला प्रत्येक मृत्यू किंवा गंभीर दुखापत संबंधित दलाला स्वतंत्र कार्यालयाकडे कळवावीच लागते. कोणी तक्रार केली आहे की नाही याचा त्याच्याशी संबंध नसतो. २००४ पासून हे काम पोलीस तक्रार आयोग करीत असे, आणि जानेवारी २०१८ पासून त्याची जागा 'इंडिपेंडंट ऑफिस फॉर पोलीस कंडक्ट' या कार्यालयाने घेतली आहे. पोलिसांच्या गाडीने झालेले मृत्यू आणि पाठलागात झालेले मृत्यू, दोन्ही या तरतुदीत येतात. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात १९९० पासून 'स्पेशल इन्व्हेस्टिगेशन्स युनिट' आहे आणि त्याच्या संचालकाला स्वतः आरोप दाखल करण्याचा अधिकार आहे, तर इंग्लंडमधल्या कार्यालयाला कागदपत्रे सरकारी अभियोक्त्यांकडे पाठवावी लागतात. या दोन्ही संस्थांच्या प्रमुखपदी माजी पोलीस बसू शकत नाही. न्यूझीलंडमध्येही कर्तव्यावरील पोलिसामुळे मृत्यू किंवा गंभीर इजा झाली, तर पोलीसप्रमुखांना तेथील स्वतंत्र प्राधिकरणाला कळवणे कायद्याने भाग आहे.

ऑन्टारिओच्या व्यवस्थेतली एक गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. ज्या अधिकाऱ्याच्या कृतीमुळे मृत्यू झाला असण्याची शक्यता आहे त्याला, इतर कोणत्याही संशयिताप्रमाणे, मौन बाळगण्याचा अधिकार असतो. पण त्याचे जे सहकारी केवळ साक्षीदार आहेत त्यांना तपास पथकासमोर जबाब देणे बंधनकारक असते, आणि पथकाचे जबाब घेणे पूर्ण होईपर्यंत या सर्वांना शक्य तितके एकमेकांपासून वेगळे ठेवावे लागते. आपल्या नोंदी लिहिण्याआधी वकिलाच्या मदतीने त्यांची मांडणी ठरवण्याची जी प्रथा पडली होती, ती कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली बंद केली.

युरोपियन मानवी हक्क न्यायालयाने २००१ सालच्या जॉर्डन प्रकरणात, राज्याच्या हस्तकाकडून मृत्यू झाल्यास तपास कसा असावा हे स्पष्ट केले होते. तपास करणारे स्वतंत्र असावेत, दिरंगाई होऊ नये, दोषी ठरवता येईल इतका तपास सक्षम असावा, त्यावर लोकांची नजर असावी आणि मृताच्या कुटुंबाला त्यात आवश्यक तेवढा सहभाग मिळावा. पण आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने मी २००७ च्या रामसहाई प्रकरणाकडे अधिक लक्ष वेधेन. ते प्रकरण ॲमस्टरडॅममधल्या पोलिसांच्या गोळीबाराचे आहे, रस्त्यावरच्या अपघाताचे नाही; त्यातले तत्त्व मात्र येथे जसेच्या तसे लागू पडते. तेथे स्वतंत्र पथकाने तपास हाती घेतला होताच, पण त्याआधीचे साडेपंधरा तास स्थानिक पोलीसच तपास करीत होते, आणि संबंधित दोन अधिकाऱ्यांना वेगवेगळे ठेवलेही नव्हते. मृत्यूला राज्य जबाबदार नाही असे मानूनही न्यायालयाने तपासात हक्काचा भंग झाल्याचा निर्णय दिला. पहिले काही तास हातचे गेले की नंतर कितीही निःपक्षपाती माणूस आणून बसवला तरी ते तास परत मिळत नाहीत, असा या निकालाचा अर्थ मी घेतो.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादातल्या शेवटच्या मुद्द्याला मी तांत्रिक बाजूने पुष्टी देऊ इच्छितो. अपघातांची पुनर्रचना करणे हे माझे काम आहे, आणि आपला दुसरा प्रश्न, तपास करणारे बदलल्याने फरक पडतो का, याचे उत्तर माझ्या मते पुराव्याच्या आयुष्यात दडलेले आहे.

आधुनिक गाडीतल्या घटना-नोंद यंत्रात धडकेच्या आधीच्या साधारण ५ सेकंदांतला वेग, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर यांची नोंद राहते. गाडी नुसती ओढून नेली, दुरुस्तीला दिली किंवा पुन्हा वापरात आणली, तर ती नोंद पुसली जाण्याचा किंवा तिच्यावर नवी नोंद चढण्याचा धोका असतो. रस्त्यावरच्या टायरच्या खुणा रहदारी सुरू होताच पुसट होतात. दुकानांच्या आणि घरांच्या कॅमेऱ्यांतले चित्रण काही दिवसांत आपोआप पुसले जाते. नियंत्रण कक्षाचे ध्वनिमुद्रण, कॉल कोणत्या प्रकारचा म्हणून नोंदवला गेला याची वेळेसह नोंद, गाडीच्या ठिकाणाचा उपग्रहाने घेतलेला माग आणि अधिकाऱ्यांच्या अंगावरील कॅमेऱ्यांचे चित्रण हे तर सगळे त्या दलाच्याच संगणकांत असते. बाहेरच्या संस्थेला हे मागून घ्यावे लागत असेल, तर काय मागायचे हे तिला आधी ठाऊक असले पाहिजे. घटनास्थळी ती स्वतः हजर असेल, तर तिला मागावे लागत नाही; ती ताब्यात घेते.

जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सिॲटल शहरात आंध्र प्रदेशातून शिकायला गेलेली एक विद्यार्थिनी रस्ता ओलांडताना पोलिसांच्या गाडीखाली सापडून मरण पावली, हे अनेकांच्या स्मरणात असेल. अमली पदार्थाच्या अतिसेवनाच्या एका कॉलवर ती गाडी निघाली होती. वेगमर्यादा ताशी २५ मैल, म्हणजे सुमारे ४० किलोमीटर होती. गाडीचा वेग ७४ मैलांपर्यंत, म्हणजे जवळपास ११९ किलोमीटरपर्यंत पोहोचला होता. दिवे सुरू होते, पण सायरन सलग वाजत नव्हता. चौकांपाशी तो तेवढ्यापुरता वाजवला जात होता. अपघाताचा तपास त्याच पोलीस दलाच्या अपघात-तपास पथकाने केला. त्या पथकाच्या अहवालाने वेगाला दोष दिला, ही गोष्ट त्याच्या बाजूने सांगितलीच पाहिजे. पण चालक नशेत आहे का हे तपासण्यासाठी जो अधिकारी घटनास्थळी पाठवला गेला, तो पोलिसांच्या संघटनेचा उपाध्यक्ष होता. तेथून परतताना संघटनेच्या अध्यक्षाशी दूरध्वनीवर बोलताना तो त्या मुलीच्या मृत्यूवर हसला, आणि ते बोलणे त्याच्या अंगावरच्या कॅमेऱ्यात नोंदले गेल्यामुळेच पुढे उघड झाले. त्या बोलण्याचा संताप जगभर झाला, आणि तो योग्यच होता. मला मात्र त्याच्या आधीची गोष्ट अधिक अस्वस्थ करते. चालकाच्या हिताचे रक्षण करणे हे ज्याचे संघटनेतले पद होते, त्यालाच चालकाची तपासणी करण्यास पाठवताना त्या रात्री कोणालाही काही वावगे वाटले नाही.

वेगाचा अर्थ किती मोठा असतो हेही थोडक्यात सांगतो, कारण 'थोडा जास्त वेग होता' असे शब्द अशा वेळी सर्रास वापरले जातात. कोरड्या रस्त्यावर, धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद धरला, तर ताशी ४० किलोमीटरला गाडी थांबायला साधारण २६ मीटर लागतात. ताशी ११९ ला हेच अंतर सुमारे १३० मीटर होते. गतिज ऊर्जा जवळजवळ नऊपट होते. रस्ता ओलांडणाऱ्या माणसाचा अंदाज त्या रस्त्यावरच्या नेहमीच्या वेगावर बांधलेला असतो. त्याने डावीकडे पाहिले तेव्हा ती गाडी त्याच्या दृष्टीने धोक्याच्या कक्षेतच नसते. त्यामुळे 'पादचाऱ्याने पाहिले नाही' हा निष्कर्ष काढण्याआधी त्याला काय दिसू शकले असते याचे गणित मांडावे लागते, आणि हे गणित मांडायचे की नाही हे तपास करणाऱ्याच्या मनातला पहिला प्रश्न कोणता आहे यावर ठरते.

प्रतिसाद ३

मी पोलीस वाहनचालकांना प्रशिक्षण देण्याचे काम केले आहे. स्वतंत्र तपासाला माझा पाठिंबा आहे, पण तिसऱ्या प्रश्नातला आक्षेप झटकून टाकू नये असे मला वाटते.

तातडीच्या कॉलवर निघालेल्या चालकाला आपण स्वतःच काही सवलती देतो. उदाहरणार्थ, ब्रिटनमध्ये वेगमर्यादा पाळल्याने कामात अडथळा येणार असेल, तर १९८४ च्या कायद्याने पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका यांना ती लागू होत नाही, आणि लाल दिव्यापाशी त्यांनी इतरांना वाट देऊन पुढे जाणे ग्राह्य धरले जाते. पण धोकादायक वाहन चालवण्याच्या गुन्ह्यातून त्यांना सूट नव्हती, आणि तेथील अपील न्यायालयाने २००९ मध्ये असे ठरवले की, चालकाचे विशेष प्रशिक्षण लक्षात न घेता सामान्य सावध चालकाच्या मापानेच त्याला तोलायचे. आम्ही ज्याला वेगात चौक पार करायला शिकवतो, त्याने तसे केले की सामान्य चालकाच्या मापाने तो गुन्हेगार ठरू शकत होता. हा अन्याय होता असे माझे स्पष्ट मत आहे. २०२२ च्या कायद्याने ते माप बदलले. आता तेच प्रशिक्षण घेतलेला एखादा सावध आणि सक्षम पोलीस कसा वागला असता, हे पाहिले जाते. मला हे माप न्याय्य वाटते, कारण ते दोन्हीकडे कापते. प्रशिक्षणात शिकवलेले केले असेल तर त्याचे संरक्षण मिळते, आणि शिकवलेले सोडून दिले असेल तर 'मी घाईत होतो' हे कारण उरत नाही.

चालक कचरतो तो चौकशी होणार म्हणून कचरत नाही, असे माझे निरीक्षण आहे. चौकशी वर्षानुवर्षे चालते, या काळात त्याला कोणी काही सांगत नाही, आणि शेवटी ज्या गोष्टीवर बोट ठेवले जाते ती त्याला कधी शिकवलेलीच नसते, याने तो खचतो. रेंगाळलेला तपास मृताच्या कुटुंबाचा जसा छळ करतो तसाच चालकाचाही करतो. म्हणून स्वतंत्र संस्था हवी असेल, तर तिला पुरेशी माणसे, अपघातशास्त्र जाणणारे तज्ज्ञ आणि मुदत हे तिन्ही द्यावे लागेल. ऑन्टारिओच्या कायद्यात १२० दिवसांत तपास संपवण्याचा प्रयत्न करण्याचे बंधन घातले आहे. तेवढ्यात न झाल्यास पथकाला वेळोवेळी जाहीर खुलासा करावा लागतो.

आणखी एक गोष्ट मी आग्रहाने मांडतो. दलाच्या आतला तपास जवळजवळ नेहमी स्टिअरिंगवरच्या माणसाशी येऊन थांबतो, कारण त्याच्या वरचे सगळे तपास करणाऱ्याचेही वरिष्ठ असतात. त्या कॉलला कोणती निकड दिली गेली होती, ती कोणी ठरवली, रुग्णवाहिका आधीच तेथे पोहोचली असेल तर ते चालकाला कळवले गेले का, पाठलाग थांबवण्याचा अधिकार ज्या पर्यवेक्षकाकडे होता तो त्या वेळी बिनतारी यंत्रावर होता का, चालकाची सलग किती तासांची पाळी झाली होती, त्याचे उजळणी प्रशिक्षण वेळेवर झाले होते का, हे प्रश्न विचारायला बाहेरचा माणूसच लागतो. एका शिपायाला निलंबित करून प्रकरण मिटवणे वरिष्ठांना सोयीचे असते. स्वतंत्र तपासाची गरज चालकालाही आहे, ती यासाठी.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. तिसऱ्या प्रतिसादातला शेवटचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. दोन शंका राहतात. पोलिसांची गाडी कोणालाही न लागता केवळ मागे असेल आणि पुढची गाडी आदळून मृत्यू झाला असेल, तर तो या तपासाच्या कक्षेत यावा का? आणि भारतातल्या कायद्यात सध्या नेमके काय आहे?

प्रतिसाद ४

पहिल्या शंकेचे माझे उत्तर निःसंदिग्ध 'होय' असे आहे. मे २०२३ मध्ये वेल्समधल्या कार्डिफ शहराच्या ईली भागात इलेक्ट्रिक दुचाकीवरची दोन मुले अपघातात मरण पावली. पोलीस त्यांचा पाठलाग करीत होते अशी चर्चा पसरली आणि त्या रात्री दंगल झाली; दुसऱ्या दिवशी तेथील निवडून आलेल्या पोलीस आयुक्तांनी ती अफवा असल्याचे सांगितले. नंतर एका कॅमेऱ्याचे चित्रण समोर आले, त्यात अपघाताच्या काही मिनिटे आधी पोलिसांची व्हॅन त्या दुचाकीच्या मागे जाताना दिसत होती, आणि प्रकरण स्वतंत्र कार्यालयाकडे गेले. अपघाताला पोलीस कारणीभूत होते की नव्हते हा वेगळा प्रश्न आहे आणि तो पुराव्यानेच सुटायला हवा. पण पोलिसांची गाडी तेथे होती का, ही साधी वस्तुस्थितीसुद्धा लोकांना संबंधित बाजूच्या तोंडून ऐकावी लागली आणि ती चुकीची निघाली. धडक झाली नाही म्हणून स्वतंत्र तपास नको, असे म्हटले तर अशीच प्रकरणे नेमकी बाहेर राहतात. पाठलागात बळी जाणारे पुष्कळदा पूर्णपणे त्रयस्थ असतात. २०२४ च्या एप्रिलमध्ये ऑन्टारिओतल्या महामार्गावर दारूच्या दुकानात चोरी केल्याचा संशय असलेला चालक उलट दिशेने निघाला, पोलीस मागे गेले, आणि भारतातून आलेले आजी-आजोबा व त्यांचे तान्हे नातवंड त्या अपघातात मारले गेले. पळणाऱ्याचा दोष निर्विवाद आहे. तरी एका दुकानातल्या चोरीसाठी उलट दिशेने महामार्गावर जाण्याचा निर्णय कोणी आणि कशाच्या आधारावर घेतला, हे तपासणे तेथे स्वतंत्र पथकाचेच काम होते.

भारतापुरते सांगायचे तर अशी यंत्रणा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ सालच्या प्रकाश सिंह निकालात राज्य आणि जिल्हा पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरणे स्थापन करण्याचा आदेश दिला, पण त्यांची कक्षा ठरवताना मृत्यूच्या बाबतीत भर पोलीस कोठडीतल्या मृत्यूवर होता. कोठडीतील मृत्यूसाठी दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीची तरतूद फौजदारी प्रक्रियेत आहे. रस्त्यावर पोलिसांच्या गाडीखाली मेलेल्या माणसासाठी तशी वेगळी तरतूद नाही. गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली, म्हणजे हयगयीने मृत्यू घडवल्याचा, नोंदवला जातो. त्याची कमाल शिक्षा आता पाच वर्षे आहे. तपास मात्र पोलीसच करतात.

त्यातल्या त्यात उपयोगी पडणारी एक वाट आहे, आणि कुटुंबांना ती बहुधा कोणी सांगत नाही. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे तपास अधिकाऱ्याला अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे पाठवावा लागतो, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत. हे अहवालही पोलिसांचेच असतात, परंतु ते न्यायिक अधिकाऱ्यासमोर ठरलेल्या वेळेत येतात आणि कुटुंबाला तेथे उभे राहून प्रश्न विचारता येतात. सरकारी कामाच्या गाड्यांना विम्याची सक्ती नाही, म्हणून समोर विमा कंपनी नसून अनेकदा थेट राज्य सरकार असते. सरकारी चालकाच्या हयगयीची भरपाई राज्याने द्यावी, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानच्या विद्यावती प्रकरणात १९६२ सालीच मान्य केले आहे. ती सरकारी जीप होती आणि तिच्या धडकेने एका पादचाऱ्याचा मृत्यू झाला होता.

कोणाच्या ओळखीत अशी घटना घडली असेल, तर त्या कुटुंबाने पहिल्या आठवड्यातच न्यायाधिकरणाकडे आणि पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज करून तीन गोष्टी जतन करण्याची मागणी करावी: गाडीतल्या यंत्राची नोंद, नियंत्रण कक्षाचे ध्वनिमुद्रण आणि त्या रस्त्यावरच्या सर्व कॅमेऱ्यांचे चित्रण. तपास दुसऱ्या जिल्ह्याच्या पोलिसांकडे किंवा राज्य गुन्हे अन्वेषण विभागाकडे द्यावा, अशी विनंती त्याच अर्जात करता येते, आणि ती नाकारली गेली तर उच्च न्यायालयात दाद मागता येते. अर्जाची पोच तारखेसह घेऊन ठेवावी, कारण पुढे चित्रण पुसले गेले असे सांगितले गेल्यास ते कधी मागितले होते हे त्या पोचेवरूनच सिद्ध होते.